दुसऱ्या कॅनवर नाव कोण लिहिणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात सुरक्षा सप्ताहाच्या बातमीबरोबर एक फोटो छापून आला होता. ४ मार्चला एका कारखान्याच्या आवारात कामगार उजवा हात समोर धरून सुरक्षिततेची शपथ घेत आहेत. डोक्यावर पिवळी हेल्मेट, खिशाला हिरवे बिल्ले. कारखाना कोणता ते मी लिहीत नाही. आपल्या भागातल्या दुसऱ्या कुठल्या आवारात तो फोटो काढला असता, तरी मला जे दिसलं ते बहुधा तिथेही दिसलं असतं. कामगारांच्या मागे भिंतीला लागून निळे कॅन ओळीने ठेवलेले आहेत. मी भिंग लावून मोजले, सात आहेत. सातांतल्या एकावरही लेबलाचा पांढरा चौकोन नाही.

कॅन रिकामे असतील, असं कोणी म्हणेल. पण त्यातल्या दोघांची पोटं फुगलेली आहेत. मी २९ वर्षं कॅन मोजून घेतले आणि मोजून दिले. भरलेला कॅन मला फोटोतही ओळखू येतो. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. थोडं लांबेल, पण जागा द्यावी ही विनंती.

मी लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत १९८९ ते २०१८ स्टोअर्समध्ये होतो. स्टोअरवाल्याचं काम ठरलेलं. इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, आलं की इश्यू स्लिप फाडायची, माल द्यायचा, रजिस्टरला नोंद करायची. रिॲक्टरजवळ, म्हणजे रसायन तयार होतं त्या भांड्याजवळ, आम्ही जात नाही. त्यामुळे अपघात हा प्रॉडक्शनवाल्यांचा विषय, आपला नाही, असं मी वीस वर्षं धरून चाललो होतो. २००९ च्या जुलैपर्यंत.

आमच्या युटिलिटी, म्हणजे कारखान्याला पाणी वगैरे पुरवणाऱ्या, विभागाला दोन वस्तू रोज लागत. कूलिंग टॉवरच्या पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. आणि डीएम प्लांटच्या, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्रणेच्या, रेझिनसाठी एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. दोन्ही ३५ लिटरच्या निळ्या कॅनमध्ये. दोन्हींचा रंग फिकट पिवळा, आणि निळ्या प्लास्टिकमधून तर तोही कळत नाही. दोन्ही एकाच शेडखाली, मध्ये चार फुटांची वाट. हायपोचे कॅन सप्लायरकडून भरूनच येत, त्यांच्यावर छापील लेबल असे. एचसीएल मात्र टँकरने येई, मोठ्या टाकीत उतरे आणि तिथून लागेल तसं आमचीच माणसं कॅनमध्ये भरत.

त्या दिवशी सकाळी एचसीएलचा एक कॅन तळाशी चिरला. सुपरवायझर माझ्याकडे रिकामा कॅन मागायला आला. यार्डात हायपोचे रिकामे कॅन धुऊन पालथे घातले होते, त्यातला एक मी दिला. सप्लायरचं लेबल त्याच्यावर तसंच होतं. तो म्हणालासुद्धा, "भाऊ, लेबलाचं काय?" मी म्हटलं, "आजचा दिवस चालव, उद्या खरवडून काढू." बाहेर पाऊस कोसळत होता, महिनाअखेर होती आणि माझ्यापुढे स्टॉक स्टेटमेंट पडलं होतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण सांगायला माझ्याकडे नाही.

दुसऱ्या शिफ्टला हायपोची डोसिंग टाकी भरायला एक हेल्पर गेला. वय २२, ठेकेदाराकडून येऊन तिसरा आठवडा. दहावी पास, इंग्रजी अक्षरं वाचता येणारा. हे मुद्दाम सांगतो, कारण असं काही घडलं की "अडाणी माणूस, त्याला काय वाचता येतंय" असं म्हणून विषय मिटवला जातो. त्याने वाचलं होतं. कॅनवर हायपो लिहिलेलं होतं, म्हणून तो त्याने हायपोच्या टाकीत ओतला. पावसाळी दमट हवेत एचसीएलचं झाकण काढलं की तोंडाशी पांढरा धूर दिसतो, त्यावरून जुना माणूस ओळखतो. या मुलाने दोन्ही वस्तू पुरत्या पाहिल्याही नव्हत्या.

टाकीच्या तळाशी आधीचं हायपो शिल्लक होतं. त्यात ॲसिड पडलं आणि क्लोरिन सुटला. क्लोरिन हवेच्या जवळजवळ अडीच पट जड असतो. तो वर उडून जात नाही, सखल जागेत साचतो. आमची टाकी पिटमध्ये होती, दोन पायऱ्या खाली, आणि पोरगं त्या पायऱ्यांच्या तळाशी उभं होतं. मी स्टोअरच्या दारात होतो. मला आधी कॅन पडल्याचा आवाज आला, मग खोकला. माणूस खोकतो तसा तो नव्हता, आत काही फाटतंय असा होता. पिटच्या काठाशी पिवळट हिरवा धूर थांबून राहिला होता. पंप ऑपरेटरने ओला टॉवेल तोंडाला गुंडाळला, खाली उतरला आणि त्याला काखेत धरून वर ओढलं. असं करायचं नसतं, त्या दिवशी दोघंही गेले असते. श्वासाचा सेट होता, पण तो दोनशे फुटांवर सेफ्टीच्या कपाटात.

तासाभराने रुग्णालयातून फोन आला. डॉक्टर विचारत होते, "कॅनमध्ये नक्की काय होतं?" तो कॅन माझ्यासमोर आडवा पडलेला. मी लेबल वाचून सांगितलं, "हायपो." ते म्हणाले, "नुसत्या हायपोने एवढं होणार नाही. आणखी काय मिसळलं ते शोधा." तरी माझ्या डोक्यात सकाळची गोष्ट येईना. शेवटी लॅबमधल्या केमिस्टने कॅनच्या तळाशी उरलेल्या घोटभर पाण्यात पीएच पेपर बुडवला. हायपो असतं तर कागद आधी निळसर होऊन मग पांढरा पडला असता. तो लालभडक झाला. तेव्हा मला तो पालथा घातलेला कॅन आठवला आणि पायातलं बळच गेलं.

मुलगा सहा दिवस रुग्णालयात होता. वाचला. आता गावी असतो. मिरगाचा पाऊस सुरू झाला की त्याला धाप लागते, चढ चढताना थांबावं लागतं. दोन वेळा त्याला भेटून आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याच्या आईने मला चहा दिला, आणि तो मला गिळवेना.

चौकशीच्या कागदात लिहिलं गेलं की, "कामगाराने खात्री न करता रसायन ओतले." मला कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. आज सांगतो आहे. खात्री त्याने केली होती. खोटं लेबल माझ्या हातून गेलं होतं.

डॉक्टरांनी नंतर मला बसवून समजावलं. ते म्हणाले, या मुलाच्या बाबतीत नाव उशिरा कळलं तरी उपचार फारसा बदलला नसता, ऑक्सिजन द्यायचाच होता. पण सगळी रसायनं अशी नसतात. त्यांनी हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं उदाहरण दिलं. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणारे वेल्डिंगनंतर सांध्याला जो पिकलिंगचा, म्हणजे डाग काढायचा, लेप लावतात, त्यात नायट्रिकबरोबर हे असतं. पातळ असेल तर हातावर पडल्यावर लगेच आगही होत नाही. माणूस पुसून टाकतो, घरी जातो, जेवतो आणि कित्येक तासांनी हाडात कळा सुरू होतात. ते कातडीतून आत उतरतं, शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि जास्त गेलं तर हृदयावर येतं. त्याला कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल वेळेत चोळावी लागते. साधं ॲसिड समजून नुसतं पाण्याने धुतलं आणि मलम लावलं, तर पुढचे महत्त्वाचे तास वाया जातात. आपल्या वसाहतींत फॅब्रिकेशनच्या किती शेड आहेत ते मोजा. त्यातल्या किती ठिकाणी हा लेप पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेला असतो, तेही आत जाऊन बघा.

त्यानंतर मी नियम वाचले. वाईट याचं वाटलं की, ते किती जुने आहेत. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये गॅस सुटला, तेव्हा माणसं डोळे चोळत रुग्णालयात येत होती आणि हा गॅस कुठला, त्याला उपाय काय, हे तिथल्या डॉक्टरांना कोणी धड सांगत नव्हतं. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांबद्दल नवं प्रकरण घातलं गेलं. कलम ४१-बी प्रमाणे कारखान्याच्या भोगवटादाराने, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याने, धोक्याची माहिती कामगारांना द्यायची. कलम १११-ए प्रमाणे कामगाराने ती मागायची आणि त्याला ती मिळायची, हा त्याचा हक्क. आता कारखाने अधिनियमाची जागा कामगारांच्या सुरक्षेची आणि आरोग्याची २०२० ची संहिता घेते आहे. पण लेबलाचा नेमका नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा आहे, धोकादायक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात यांबद्दलचे १९८९ चे नियम. त्यातला १७ वा नियम सांगतो की, धोकादायक रसायनाच्या प्रत्येक कंटेनरवर आत काय आहे, बनवणारा किंवा आयात करणारा कोण, त्याचा पत्ता आणि त्या रसायनाचे गुण आणि विषारीपणा ही माहिती स्पष्ट हवी. भांडं लहान असेल आणि लेबल बसत नसेल तर टॅग बांधा किंवा सोबत कागद द्या, असंही त्यात आहे.

१९८९ म्हणजे मी नोकरीला लागलो तेच साल. वीस वर्षं हा नियम आणि मी एकाच आवारात होतो आणि मला तो कोणी वाचून दाखवला नाही. मीही शोधला नाही.

नियमात शब्द आहे "प्रत्येक कंटेनर". पण व्यवहारात लेबल असतं ते पहिल्या भांड्यावर. सप्लायर ड्रमवर छापून पाठवतो. टँकरच्या बाजूला आणि पाठीमागे तर मोटार वाहन नियमांप्रमाणे मोठा फलक असतो, त्यावर रसायनाचा चार आकडी क्रमांक असतो. परशुराम घाटात तुमच्या गाडीपुढे टँकर असेल तर वाचून पाहा. १८३० असेल तर सल्फ्युरिक ॲसिड, १७८९ असेल तर एचसीएल, १७९१ असेल तर हायपो. सोबत तातडीचा फोन नंबर असतो. म्हणजे महामार्गावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही त्यात काय आहे ते कळावं, अशी सोय केलेली आहे. तो टँकर गेटमधून आत आला, टाकीत रिकामा झाला, टाकीतून कॅनमध्ये, कॅनमधून बादलीत, बादलीतून मगमध्ये माल गेला की दर पायरीला नाव मागे राहतं. हातात धरून ओतायचं भांडं शेवटचं असतं, आणि त्याच्यावर काहीच नसतं. मी पाहिलेले बहुतेक सगळे लहानमोठे अपघात या दुसऱ्या आणि तिसऱ्या भांड्यापाशी झालेले आहेत.

"आमच्या माणसांना माहीत आहे" हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि मीही दिलं आहे. जुन्या माणसांना माहीत असतं, हे खरं. पण आज शेडमध्ये जुनी माणसं किती उरली? ठेकेदाराची पोरं सहा-सात महिन्यांनी बदलतात. आज खेड-गुहागरकडची, उद्या झारखंडची, परवा ओडिशाची. सोमवारी दिलेलं ट्रेनिंग घेऊन ती निघून जातात. कॅन तिथेच राहतो, म्हणून जे सांगायचं ते कॅनवरच हवं. शिवाय शॉपफ्लोअरवर नावं कशी घेतात तेही पाहा. "ॲसिड आण" असं म्हणतात. सल्फ्युरिकही ॲसिड, नायट्रिकही ॲसिड, एचसीएलही ॲसिड. सल्फ्युरिकमध्ये पाणी ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. नायट्रिक सॉल्व्हंटच्या वेस्टमध्ये पडलं तर बंद कॅन फुटतो. हाक एकच आणि वागणं मात्र तिघांचं तीन तऱ्हेचं.

२००९ नंतर मी स्टोअरमध्ये एक शिस्त लावली. नाव नसलेल्या भांड्यात माल द्यायचा नाही, मग प्रॉडक्शन मॅनेजर दारात उभे असले तरी. पहिले दोन महिने खूप बोलणी खाल्ली. पण नाव लिहायचं कशाने, हे ठरवायला मात्र वर्ष गेलं, आणि ते इथे सविस्तर सांगतो, कारण नियम करणाऱ्यांना ही अडचण माहीत नसते. कागदाचं लेबल कोकणच्या पावसाळ्यात टिकत नाही. आषाढात चिकटवलेलं श्रावणात गळून पडतं, नाहीतर बुरशीने काळं होतं. ॲसिडचा ओघळ आला तर कागद तपकिरी होऊन हातात येतो. मार्करने लिहिलं तर टोल्युइन किंवा ॲसिटोनचा एक थेंब लागला की शाई पुसते, आणि ओतताना ओघळ नेमका नावावरूनच जातो. ॲल्युमिनियमचे बिल्ले केले, ते एचसीएलच्या वाफेने पांढरे पडून खाल्ले गेले. काही लोक झाकणावर नाव लिहितात. ते तर अजिबात करू नका. चार कॅन एकदम उघडले की झाकणं एकमेकांत जातात आणि हायपोचं झाकण एचसीएलवर बसतं.

शेवटी जमलं ते असं. फुटलेला निळा कॅन घ्यायचा, धुऊन वाळवायचा आणि त्याच्या पोटाचे तळहाताएवढे तुकडे हॅक्सॉने कापायचे. मोकळ्या हवेत बसून तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्यावर नाव कोरायचं. प्लास्टिक वितळून खोल रेघ पडते. त्या रेघेत ऑइलपेंट भरून वरचा फडक्याने पुसून घ्यायचा. पेंट पुढे गेला तरी रेघ जात नाही, अंधारात बोट फिरवलं तरी अक्षर लागतं. वरच्या कोपऱ्यात भोक पाडून नायलॉनच्या दोरीने पाटी मुठीला बांधायची. ॲसिडला लाल दोरी, कॉस्टिक आणि हायपोला निळी, सॉल्व्हंटला काळी. हे रंग आमच्यापुरते होते, कुठल्या मानकातले नाहीत, पण दुरून दिसत. लाल आणि निळी दोरी शेजारी ठेवायची नाही, एवढं सांगितलं की नव्या पोरालाही पहिल्या दिवशी कळे. कॅनमधला माल बदलायचा असेल तर आधी जुनी पाटी सोडून नवी बांधायची, मग कॅन भरायचा. भरलेला कॅन पाटीशिवाय एक मिनिट जरी राहिला तरी तो रिकामा करून धुवायचा. एका पाटीला खर्च जवळपास शून्य. निवृत्त झालो त्या दिवशी माझ्या स्टोअरमध्ये १४० पाट्या होत्या.

पाटीवर काय लिहायचं हाही प्रश्न होता. आम्ही वर रसायनाचं नाव लिहीत असू, मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे तेच नाव, भाषांतर नाही. खाली एक ओळ. "कातडी जाळतं." "याच्यात पाणी ओतू नका." "जवळ विडी-काडी नको." "हायपोजवळ ठेवू नका." 'कातडी जाळतं' याला सरकारी पत्रकांत 'संक्षारक' असा शब्द येतो. माझ्या २९ वर्षांत तो शब्द मी एकाही कामगाराच्या तोंडून ऐकला नाही. जो शब्द माणसाला पाय मागे घ्यायला लावत नाही, तो कॅनवर लिहून जागा अडवू नये.

चित्रांचंही तसंच आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये जगासाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. लाल काठाचा, कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन आणि आत काळं चित्र. अशी नऊ चित्रं आहेत. निर्यातीच्या आणि आयातीच्या ड्रमांवर ती आता सर्रास दिसतात. पद्धत चांगली आहे, पण चित्र आपोआप कळतं असं समजू नये. एका चित्रात नळीतून थेंब हातावर पडतो आहे. मी एका नव्या मुलाला विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, "हात धुवायचे." त्याच्या जागी तो बरोबरच होता. ते चित्र हात जळण्याचं आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दोन ज्वाळांची चित्रं आहेत, त्यातल्या एका ज्वाळेखाली गोल आहे. नुसती ज्वाळा म्हणजे हे स्वतः पेटतं. गोलावरची ज्वाळा म्हणजे हे दुसऱ्याला पेटवतं, जसं नायट्रिक किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड. ही दोन चित्रं असलेले ड्रम शेजारी ठेवायचे नसतात. फरक एका गोलाचा आहे आणि तो दाखवून द्यायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं शपथेच्या कार्यक्रमात द्यायला काय हरकत आहे?

हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी माझ्या भावाच्या आंब्याच्या बागेत नेईन. मोहोरावर फवारायच्या औषधाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांपासून हे चालत आलं आहे, आणि आतल्या पत्रकात मराठीतही सूचना असतात. तरी विषबाधा होतात, यवतमाळला २०१७ मध्ये काय झालं ते आपण सर्वांनी वाचलं आहे. रंग असून भागत नाही, हे मलाही मान्य आहे. पण भावाचा गडी, ज्याला सहीही येत नाही, तो लाल रंगाचा डबा दिसला की "हा माझ्याकडे नको, दादा" असं म्हणतो. त्याला नाही म्हणायला आधार तरी आहे. माझ्या कारखान्यातल्या हेल्परला तो कुठे होता?

आणखी एक गोष्ट कारखान्याच्या कुंपणाबाहेरची. एप्रिल-मे मध्ये आमच्या भागात वाड्यांवर पाण्याचा टँकर येतो, तेव्हा दारोदारी निळी पिंपं ओळीने लागलेली असतात. ती बहुतेक भंगारातून आलेली. गेल्या उन्हाळ्यात एका नातेवाइकांकडे गेलो होतो. पडवीतल्या पिंपात प्यायचं पाणी भरलेलं. पिंपावरचं लेबल कोणी सुरीने खरवडलं होतं, शेवटचा तुकडा तेवढा चिकटून राहिला होता आणि त्यावर इंग्रजीत "क्लोराइड" एवढंच वाचता येत होतं. आधीचा शब्द गेलेला. आपलं जेवणातलं मीठ हेही क्लोराइडच. आणि थायोनिल क्लोराइड, ज्याला पाणी लागलं की एचसीएल आणि सल्फर डायऑक्साइडच्या वाफा सुटतात, तेही क्लोराइडच. पिंप कितीदा धुतलं होतं हे घरच्यांना ठाऊक नव्हतं. मी ते पाणी ओतायला लावलं, दुष्काळाच्या दिवसांत. वहिनींचा चेहरा उतरला. मी तरी दुसरं काय करणार होतो?

रसायनांनी माखलेले रिकामे ड्रम आणि कॅन हा २०१६ च्या नियमांप्रमाणे धोकादायक कचराच आहे. तो भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकायची वस्तू नाही. पण रिकाम्या ड्रमला भाव येतो आणि लेबल असलेल्या ड्रमपेक्षा लेबल खरवडलेल्याला जास्त येतो. नाव काढून टाकायचे पैसे मिळतात, असा हा धंदा झाला आहे. ड्रम पुन्हा वापरायचा नसेल तर तो आवारातच कापा किंवा त्याला भोकं पाडा. भोक पाडलेल्या पिंपात कोणी पाणी भरत नाही.

मी केमिकल कंपन्यांबद्दल लिहितो आहे, पण ऑफिसं, लॉज, शाळा, मंगल कार्यालयं यांतल्या सफाईच्या मावशींनाही विसरू नका. त्यांना संडास साफ करायचं ॲसिड थंड पेयाच्या जुन्या बाटलीत दिलं जातं आणि ब्लीचिंग पावडर पिशवीत. लवकर स्वच्छ व्हावं म्हणून त्या दोन्ही एकत्र टाकतात, आणि बंद संडासात तोच क्लोरिन सुटतो जो आमच्या पिटमध्ये सुटला. मग "डोळे चुरचुरतात हो, भाऊ" असं म्हणत बाहेर येतात. त्या बाटलीवरही नाव हवं आणि "पावडरीत मिसळू नका" ही ओळ हवी. पोरं तहान लागली की अशा बाटल्या तोंडाला लावतात, हे वेगळं सांगायला नको.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तपासणीला आलात की स्टोअरचे मोठे ड्रम पाहून परत जाऊ नका. ते आम्ही आदल्या दिवशी पुसून ठेवतो, मीही ठेवत असे. युटिलिटीत जा, ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करतात तिथे, जा, मेंटेनन्सच्या टेबलाखाली वाका. सर्वांत लहान भांडं उचला आणि जवळच्या सर्वांत नव्या हेल्परला विचारा, "यात काय आहे?" मॅनेजरला उत्तर देऊ देऊ नका. आणि चौकशीच्या अहवालात "कामगाराने खात्री न करता" असं वाक्य दिसलं, तर त्या कॅनवर त्या दिवशी काय लिहिलं होतं ते विचारल्याशिवाय सही करू नका.

कारखानदारांवर माझा राग नाही, त्यांच्याच पगारावर मुलं शिकवली. लहान युनिट चालवणाऱ्याला सेफ्टी ऑफिसर परवडत नाही, हे मला समजतं. त्यांच्यासाठी एवढंच लिहितो. माझ्याकडे तो सोल्डरिंग आयर्न अजून आहे आणि हातही अजून थरथरत नाही. कोणाला पाट्या करून हव्या असतील किंवा आपल्या पोरांना शिकवून हव्या असतील, तर रविवार सोडून कधीही बोलवा. फुटके कॅन तुमचे, बाकी सामान मी घेऊन येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे देऊन ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर
चिपळूण, जि. रत्नागिरी